ऑटो लिलिएन्थाल व हवेचा हिशेब

दुपारच्या उन्हांत पंख न हालवितां वर वर चढत जाणारी घार आमच्या प्रत्येक वाचकानें पाहिलीच असेल. ती खालीं कां पडत नाहीं असें विचारणारा मात्र हजारांत एखादा, आणि ईश्वराची करणी म्हणून त्याचें तोंड बंद करणारे शंभर! या प्रश्नाचें उत्तर तराजूनें शोधणाऱ्या एका कारखानदाराचें चरित्र आज सांगावें असें आम्हांस वाटतें.

ऑटो लिलिएन्थाल याचा जन्म सन १८४८ सालीं प्रशियांतील आंक्लाम गांवीं झाला. तो व त्याचा धाकटा भाऊ गुस्टाव्ह कुरणांतील करकोचे तासन् तास पाहात बसत. करकोचा वाऱ्याच्या तोंडावर धांव घेऊन उडतो, वाऱ्याकडे पाठ करून नव्हे, हें त्या पोरांनीं तेव्हांच हेरलें. पुढें बर्लिन येथें यंत्रशास्त्राचें शिक्षण व नंतर बॉयलर आणि लहान बाष्पयंत्रें करण्याचा स्वतःचा कारखाना. १८९० सालीं त्यानें नफ्याचा चौथा हिस्सा कामगारांस देऊं केला. आमच्या व्यापारी वाचकांनीं विचार करण्यासारखी ही गोष्ट आहे, पण तो विषय निराळा.

त्याचें खरें काम मोजण्याचें. गरगर फिरणाऱ्या आडव्या दांड्याच्या टोकांस निरनिराळ्या आकारांचे पृष्ठभाग बसवावयाचे, आणि हवा त्यांस किती उचलते व किती अडविते याची नोंद करावयाची, हा उद्योग वर्षानुवर्षें चालला. त्यांतून असें ठरलें कीं, सपाट फळीपेक्षां पक्ष्याच्या पंखासारखा किंचित् कमानदार पृष्ठभाग पुष्कळच अधिक उचलला जातो. असा पंख पुढें सरकतांना भोंवतालची हवा खालीं वळवितो, आणि ती हवा उलट त्यास वर रेटते. पंखाच्या वरच्या अंगास दाब कमी, खालच्या अंगास अधिक. पंख चालो कीं वारा चालो, परिणाम एकच. दोरीनें रोखलेला पतंग याच न्यायानें उभा राहतो. घारीस तर तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवाच उचलून नेते. आपले आंकडे त्यानें १८८९ सालीं पुस्तकरूपानें छापले.

पुस्तक छापून तो स्वस्थ बसला नाहीं, हेंच आम्हांस विशेष वाटतें. वाळुंजाच्या काठ्यांवर कापड ताणून त्यानें पंख केले व १८९१ सालीं डेर्विट्झ येथें टेकाडावरून उडी घेतली. सुमारें २५ मीटर तो हवेंत तरंगला. १८९४ सालीं बर्लिनजवळ १५ मीटर उंचीची टेकडीच त्यानें रचविली. ऱ्हिनोच्या डोंगरांवर त्याची मजल २५० मीटरपर्यंत गेली. अशीं सुमारें २,००० उड्डाणें झालीं. मात्र तोल सांभाळावयाचा तो पाय व अंग झुकवून. दुसरें साधन त्यानें पुरतें सिद्ध केलें नाहीं, आणि हीच उणीव त्यास भोंवली. ९ ऑगस्ट १८९६ रोजीं झोतानें पंखांची पुढची कड उचलली, वेग मेला, आणि सुमारें १५ मीटरांवरून तो कोसळला. कणा मोडला, दुसऱ्या दिवशीं बर्लिन येथें तो वारला.

अमेरिकेंतील राइट बंधूंचे अंदाज १९०१ सालीं चुकूं लागले, तेव्हां त्यांनीं प्रथम याच्याच कोष्टकांवर संशय घेतला. वाऱ्याची पेटी करून त्यांनीं स्वतः मापें घेतलीं, तों कोष्टकें बहुतांशीं खरीं निघालीं. चूक मुख्यतः हवेच्या दाबाच्या एका जुन्या गुणकांत होती. अंग झुकविण्याची रीत मात्र त्यांनीं टाकली व पंखांचीं टोकें पिळून तोल राखण्याची युक्ति योजिली. १७ डिसेंबर १९०३ रोजीं त्यांचें यंत्र उडालें.