रुस्तुम जाल वकील

रुस्तुम जाल वकील (इ.स. १९११ – इ.स. १९७४) हे मुंबईतील हृदयरोगतज्ज्ञ होते. सर्पगंधेच्या मुळांनी वाढलेला रक्तदाब उतरतो, हे त्यांनी रुग्णांच्या पद्धतशीर निरीक्षणातून जगापुढे मांडले. पुढे याच मुळांतील द्रव्याने मेंदूतील डोपामिनचे कार्य उलगडण्यास वाट करून दिली.

वकील यांनी वैद्यकाचे शिक्षण लंडनमध्ये घेतले आणि मुंबईत परतल्यावर के.ई.एम. रुग्णालयात काम केले.

सर्पगंधेवरील कार्य

वैद्य आणि हकीम उन्माद व निद्रानाश यांवर सर्पगंधा पूर्वापार देत आले आहेत. कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी इ.स. १९३१ मध्येच तिचा रक्तदाबावरील परिणाम नोंदवला होता. म्हणून या शोधाचे सारे श्रेय एकट्या वकिलांना देणे न्याय्य ठरणार नाही. परंतु त्या नोंदीकडे परदेशात फारसे कोणी पाहिले नाही. वकील यांचा ५० रुग्णांवरील निबंध इ.स. १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यक जागे झाले. इ.स. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या संशोधकांनी या मुळांतून रेसर्पीन वेगळे केले.

मेंदूच्या रसायनाशी संबंध

चेतापेशी आपली संदेशवाहक द्रव्ये सूक्ष्म पुटिकांत साठवून ठेवतात. रेसर्पीन या पुटिका भरू देत नाही. रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या चेतांतील नॉरअ‍ॅड्रेनॅलिन संपले की रक्तदाब उतरतो; मेंदूतील डोपामिन संपले की हालचालच थंडावते. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी इ.स. १९५७ मध्ये रेसर्पीनने निश्चेष्ट झालेल्या प्राण्यांना, ज्यापासून शरीरात डोपामिन बनते ते एल-डोपा दिले, आणि ते पुन्हा हिंडू लागले. कंपवातावरील एल-डोपा उपचाराचे मूळ येथे आहे.

अशा पुटिकांत एटीपी हे प्युरीन वर्गातील द्रव्यही असते. पेशीबाहेर त्याचे विघटन होऊन अ‍ॅडेनोसिन बनते आणि ते मेंदूच्या काही भागांत डोपामिनच्या परिणामाला आवर घालते. चहा-कॉफीतील कॅफिन या अ‍ॅडेनोसिनलाच अडवते. चहाने येणारी तरतरी ती हीच. हे संशोधन अर्थातच वकील यांचे नव्हे.

रेसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांत खिन्नता दिसू लागली. नवी औषधे आल्यावर त्याचा वापर मागे पडला.

सन्मान

वकील यांना इ.स. १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. मनोरुग्णांवर रेसर्पीन वापरणारे नेथन क्लाइन हेही त्या वर्षीच्या मानकऱ्यांत होते. भारत सरकारने इ.स. १९५८ मध्ये वकील यांना पद्मभूषण दिले.