उरणच्या मिठागरांतला कीटकवेडा अधिकारी : एडवर्ड हॅमिल्टन एटकिन

कोकणातल्या घरांच्या तुळयांवर, दाराच्या चौकटींवर, कधी कधी तर देवघराच्या कोपऱ्यातही मातीची चिमुकली घरटी आढळतात. ती बांधणाऱ्या माशीला आपण कुंभारीण म्हणतो. ही माशी अळी पकडून आणते, मातीच्या कोठडीत कोंडते आणि दार लिंपून निघून जाते. काही दिवसांनी त्या कोठडीतून बाहेर पडते ती अळी नव्हे, तर दुसरी कुंभारीणच! माशीच्या अखंड ध्यासाने अळीच माशीरूप झाली, असा अर्थ आपल्या पूर्वजांनी लावला. भ्रमर-कीटक न्याय म्हणून हा दृष्टान्त संतवाङ्मयात रुजला. अध्यात्माच्या प्रांतात तो सुंदरच आहे. पण कोठडीच्या आत जे घडते ते निराळे असते आणि ते पाहण्यासाठी फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. घराच्या व्हरांड्यात बसूनही निसर्गाचा अभ्यास करता येतो, हे ज्यांनी मुंबई इलाख्यातील सुशिक्षितांना पटवून दिले, त्यांत एडवर्ड हॅमिल्टन एटकिन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

एटकिन हे नावाने स्कॉटिश असले तरी जन्माने साताऱ्याचे. १६ ऑगस्ट १८५१ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील मिशनरी होते आणि मुलाचे प्रारंभीचे शिक्षण त्यांनी स्वतःच केले. पुढे मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन एटकिन यांनी १८७० ते १८७६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवली. एप्रिल १८७६ मध्ये ते मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्यात दाखल झाले आणि त्यांच्या आयुष्याला अनपेक्षित वळण मिळाले.

हे खाते म्हणजे एका जागी बसून करायची चाकरी नव्हती. कच्छच्या रणालगतचे खाराघोडा, आजच्या रायगड जिल्ह्यातील उरण, रत्नागिरी, उत्तर कॅनरा, गोव्याची सरहद्द अशी एटकिन यांची भ्रमंती होत राहिली. त्या काळी उरण मिठागरांसाठी आणि मोहाच्या दारूच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध होते. दोन्हींवर सरकारचा कर असे आणि त्याची राखण हे खात्याचे काम. भरती-ओहोटीच्या खाड्या, खारफुटी, भातशेतीचे बांध आणि मिठाच्या पांढऱ्या राशी अशा मुलखात अधिकाऱ्याच्या वाट्याला बरेचसे एकटेपण येई. अनेक जण ते शिकारीत घालवत. एटकिन यांनी ते पक्षी, बेडूक, कोळी, मुंग्या आणि माश्या यांच्या संगतीत घालवले.

या निरीक्षणांतूनच १८८३ मध्ये ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटिअर’ हे पुस्तक साकारले. सरहद्दीवरील टोळ्या म्हणजे शस्त्रधारी पठाण, असे त्या काळचे वाचक समजत. एटकिन यांच्या टोळ्या मात्र बंगल्यात घुसणारे उंदीर, डास, पाली, कावळे आणि वटवाघळे यांच्या होत्या. मधमाश्या आणि गांधीलमाश्या यांच्यासाठीही त्यात एक प्रकरण राखलेले आहे. ईएचए या आद्याक्षरांनी ते लिहीत आणि वाचकही त्यांना त्याच नावाने ओळखत. त्यानंतर ‘बिहाइंड द बंगलो’, ‘अ नॅचरलिस्ट ऑन द प्राउल’, ‘द कॉमन बर्ड्स ऑफ बॉम्बे’ ही पुस्तके आली. विनोदी शैलीमुळे ती लोकप्रिय झाली. परंतु विनोदाखाली नेमके निरीक्षण असे.

त्याच वर्षी त्यांच्या हातून आणखी एक चिरस्थायी काम झाले. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ निसर्गप्रेमी एकत्र जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. या आठांत प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी वैद्यही होते. एटकिन संस्थेचे पहिले मानद सचिव झाले. १८८६ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले आणि गावोगावच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदींना हक्काची जागा मिळाली.

एटकिन यांचे शास्त्रीय काम मुख्यतः फुलपाखरांवरचे. उत्तर कॅनरात त्यांनी जे. डेव्हिडसन आणि टी. आर. बेल यांच्यासह सुरवंट पाळून, त्यांची अन्नवनस्पती आणि कोष यांच्या नोंदी केल्या. सुरवंट पाळणाऱ्या प्रत्येकाला एक चमत्कारिक अनुभव येतो. फुलपाखराची वाट पाहत बसावे आणि कोषातून भलतीच बारीक कंबरेची माशी बाहेर यावी! कधी जिवंत सुरवंटाच्या पाठीवर तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे कोष दिसतात. हेच ते परोपजीवी गांधीलवर्गातील कीटक.

कुंभारीण आणि हे परोपजीवी कीटक एकाच हायमेनोप्टेरा गणातले असले तरी त्यांच्या रीती वेगळ्या आहेत. कुंभारीण नांगीने अळीला बधिर करते, मारत नाही. त्यामुळे तिच्या पिलाला ताजे अन्न मिळते. म्हणजे कोठडीतील अळी माशी होत नाही, ती माशीच्या पिलाचे भक्ष्य होते. इक्न्यूमॉन किंवा ब्रॅकॉनिड कुळातील माशी मात्र बहुधा घर बांधण्याचा खटाटोप करत नाही. ती आपल्या लांब अंडनलिकेने थेट अळीच्या अंगात किंवा अंगावर अंडे घालते. आत वाढणारे पिलू बहुतेक वेळा महत्त्वाचे अवयव शेवटपर्यंत शाबूत ठेवते, आणि आपली वाढ पुरी झाली की यजमानाचा अंत करते. यजमानाला जिवंत ठेवणारी ऊ किंवा गोचीड आणि हा कीटक यांच्यातला फरक तो हाच. गांधीलमाशीची नांगी हेदेखील मुळात अंडनलिकेचेच बदललेले रूप आहे.

यांना ओळखणे मात्र सोपे नाही. पंखांवरील शिरांची जाळी, मिशांचे खंड, कंबरेची ठेवण अशा बारीक खुणांवर वर्गीकरण चालते. भारतीय प्राणिसृष्टीवरील सरकारी ग्रंथमालेत सी. टी. बिंगहॅम यांचा गांधीलमाश्या व मधमाश्यांवरील खंड १८९७ मध्ये, तर मुंग्यांवरील खंड १९०३ मध्ये निघाला. इक्न्यूमॉन कुळावरील क्लॉड मोर्ली यांचा खंड येण्यास १९१३ साल उजाडले. तोवर एटकिन हयात नव्हते. आयुष्याची बहुतेक वर्षे त्यांनी अशा जीवांच्या सहवासात काढली, ज्यांची नावे शोधायला हाताशी ग्रंथच नव्हता.

१९०२ मध्ये गोव्याच्या सरहद्दीवरील जकात नाक्यांवर हिवताप का फैलावतो, याच्या तपासासाठी सरकारने त्यांना पाठवले. तेथे त्यांना आढलेल्या डासाची जात नवी निघाली आणि तिला ॲनोफेलिस एटकेनी हे नाव मिळाले. १९०३ मध्ये ते कराचीला मुख्य जकात अधिकारी झाले, पुढे सिंधच्या गॅझेटिअरचे काम त्यांनी पूर्ण केले आणि १९०६ मध्ये निवृत्त झाले. एप्रिल १९०९ मध्ये एडिंबरा येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या उरणचे रूप आता पालटले आहे. १९८९ मध्ये न्हावा शेव्याचे बंदर सुरू झाले, २०२४ मध्ये अटल सेतूने हा किनारा मुंबईला जोडला. अनेक मिठागरे आणि पाणथळी भरावाखाली गेल्या. तिथे कोणकोणते कीटक होते, याची पुरती मोजदाद होण्याआधीच हे घडले. हे नुकसान केवळ अभ्यासकांचे नाही. नारळावरील काळ्या डोक्याच्या अळीविरुद्ध गोनिओझस ही परोपजीवी माशी वापरली जाते. भात आणि उसाच्या खोडकिडीसाठी शेतकरी ट्रायकोकार्ड लावतात, त्यातील ट्रायकोग्रामा तर मिलिमीटरहूनही लहान असते. विषारी औषधांच्या बेसुमार फवारणीत किडीबरोबर हे फुकटचे राखणदारही मरतात.

एटकिन वर्गीकरणतज्ज्ञ नव्हते आणि तसा दावाही त्यांनी केला नाही. पण नाव देणारा पंडित आपले काम सुरू करतो, त्याआधी कुणीतरी तो जीव पाहिलेला, त्याची सवय टिपून ठेवलेली असावी लागते. मीठखात्याच्या या अधिकाऱ्याने ते काम निष्ठेने केले. पुढच्या वेळी चौकटीवरचे कुंभारणीचे घर खरवडण्यापूर्वी चार दिवस थांबून पाहिले, तर त्यांच्या आठवणीला एवढे पुरेसे होईल.