अक्षरओळख म्हणजे लेखन नव्हे

मुलास अक्षर आले म्हणजे लेखन आले, असा एक समज आमच्या लोकांत खोल रुजलेला आहे. तो किती भ्रामक आहे हे ज्यास पाहावयाचे असेल, त्याने पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कोणत्याही वस्तीत जाऊन सहावी-सातवीतील मुलापुढे कोरा कागद ठेवावा. फळ्यावरचा उतारा तो वळणदार अक्षरात उतरवून देईल; परंतु काल घरी काय घडले ते चार ओळींत लिही असे म्हटले, की बहुधा त्याची लेखणी अडते. हाच मुलगा पुढे कारखान्याच्या दारात उभा राहतो, आणि समोर आलेल्या करारावर अर्थ न उमगता सही करून मोकळा होतो. वकिलीच्या धंद्यात असे पक्षकार आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्यांस वाचता येत नव्हते असे नाही. परंतु वाचलेले आपल्याशी संबंध असलेले असते, ही सवय त्यांस कोणी लावलीच नव्हती. ह्या व्याधीवरचा उपाय एका मराठी शिक्षकाने शंभर वर्षांपूर्वी करून दाखविला. त्या शिक्षकाचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे २४ डिसेंबर १८९९ रोजी झाला. घराणे खोताचे, पण त्यांच्या बालपणीच वैभव ओसरले होते. दापोली, औंध आणि पुणे अशा तीन ठिकाणी, पुष्कळ वेळा अर्धपोटी राहून त्यांनी शिक्षण पुरे केले. १९१७ साली आई गेली. ज्या माउलीने त्यांस घडविले, तिला सुखाचे दिवस दाखविणे मुलाच्या हाती राहिले नाही. हे दुःख त्यांनी जन्मभर उराशी बाळगिले, आणि पुढे त्याचेच साहित्य झाले. एम. ए. होऊन १९२४ साली ते खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले.

येथे आमच्या व्यापारी वाचकांनी क्षणभर थांबावे. अमळनेरची ती शाळा आणि तेथील तत्त्वज्ञान मंदिर ही दोन्ही ज्यांच्या उदार आश्रयाने नावारूपास आली, ते प्रतापशेठ गिरणीचे मालक होते. कापडाच्या धंद्यात मिळविलेला पैसा विद्येकडे वळविणारा असा एक व्यापारी त्या गावात निघाला नसता, तर साने गुरुजींस अमळनेर कदाचित दिसलेही नसते.

अमळनेरच्या वसतिगृहाची व्यवस्था गुरुजींकडे आली आणि त्यांचे खरे शिक्षणकार्य तेथे सुरू झाले. ते मुलांची अंथरुणे आवरीत, खोल्या झाडीत, आजाऱ्याच्या उशाशी बसत. हे सर्व प्रसिद्धच आहे. त्यामानाने कमी लक्षात घेतली जाते ती गोष्ट अशी की, ह्याच मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे एक दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. ना छापखाना, ना वर्गणीदार! वाचक काय ते वसतिगृहातले विद्यार्थी. त्यांच्याकरिता, त्यांच्याच जगातले, त्यांच्याच गुरुजींच्या हस्ताक्षरातले असे ते पत्र होते. पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही काढिले.

ह्या साध्या युक्तीत शिक्षणशास्त्राचे मर्म आहे, असे आम्ही म्हणतो. पाठ्यपुस्तक सर्व मुलांसाठी लिहिलेले असते, म्हणून ते कोणत्याच एका मुलास आपले वाटत नाही. परंतु भिंतीवरच्या कागदात आपल्या खोलीचे, आपल्या सोबत्याचे वर्तमान आहे असे कळताच वाचण्याचा कंटाळा असलेला मुलगाही मान उंच करून पुढे सरतो. दुसरे असे की, जो शिक्षक स्वतः रोज लिहितो त्यास निबंध लिही म्हणून मुलावर डोळे वटारावे लागत नाहीत. ज्या घरात बाप हिशेबाची वही रोज लिहितो, त्या घरातला मुलगा वही धरावयास आपोआप शिकतो, हे व्यापाऱ्यांस आम्ही सांगावयास नको.

१९३० साली देशाची हाक आली, आणि गुरुजींनी शाळा सोडून सत्याग्रहात उडी घेतली. नोकरी सुटली, पण शिक्षकाचा पेशा सुटला नाही. तुरुंग हीच त्यांची शाळा झाली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडील राजबंद्यांच्या सहवासात ते रमले. परप्रांतीयाची भाषा शिकल्याने मराठीपण उणे होत नाही, उलट वाढते, ही त्यांची ‘आंतरभारती’ची दृष्टी ह्याच सहवासातून उमलली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली, ती गुरुजींनी उतरवून घेतली म्हणूनच आज महाराष्ट्राच्या हाती आहेत. आणि १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहून काढिली.

त्या पुस्तकाचे विषय तरी कोणते? मीठ घालावयाचे राहून गेलेली भाजी. पोहावयास भिणारा मुलगा. पुस्तकांच्या मोहाने हातून घडलेली चोरी. ज्यांस आमचे निबंधाचे शिक्षक विषय म्हणूनही मोजणार नाहीत, अशा ह्या घरगुती गोष्टी. आम्ही मुलांस आकाशाला मुखे फोडावयास लावितो आणि झाडांस आत्मवृत्ते सांगावयास लावितो. आणि मुलाच्या स्वतःच्या घरातली, त्यास पूर्ण ठाऊक असलेली गोष्ट मात्र लिहू देत नाही! मग त्याने तयार निबंधाच्या पुस्तकातून उतरवून आणिले, तर अपराधी कोण?

गुरुजींच्या लेखनात अश्रू फार, असा एक आक्षेप आहे. तो निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. त्याचप्रमाणे सहा वर्षांत त्यांनी शाळा सोडल्याने त्यांच्या पद्धतीस कायमचे शास्त्रशुद्ध रूप आले नाही, हेही खरे. परंतु ज्याच्या लेखणीत ओलावा होता, त्याचा कणा मऊ नव्हता. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांस मोकळे व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी प्राण पणास लाविले, आणि दार उघडले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी, पन्नाशीतच, त्यांच्या जीवनाचा अंत झाला.

आता आमच्या दाराकडे वळू. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. मागोमाग आकुर्डी, चिंचवड, भोसरी आणि अखेर चाकण असा कारखान्यांचा पट्टा पसरत गेला. कामासाठी खानदेशातून आणि मराठवाड्यातून माणसे आली, तशीच बिहारातून व कर्नाटकातूनही आली. म्हणजे ज्या मुलुखात गुरुजींनी शिकविले, तेथील शिष्यांची पणतवंडे आज आमच्याच शाळांत बसली आहेत. आणि त्यांच्या शेजारी, घरी निराळी भाषा बोलणारे मूल बसले आहे. अशा वर्गास ‘छात्रालया’सारखे पत्र जितके हवे, तितके अमळनेरासही नव्हते.

शिक्षक म्हणतील की अभ्यासक्रम पुरा होत नाही, तेथे हे नवे लचांड कशास? आमचे उत्तर असे की, हे अभ्यासक्रमाबाहेरचे काम नसून त्याचे मूळच आहे. आठवड्यातून एक मोठा कागद, त्यावर आरंभी शिक्षकाचा मजकूर, मग पाळीपाळीने मुलांचा: बापाची रात्रपाळी, गावाकडून आलेले पत्र, चाळीतल्या नळावरचे भांडण. बिहारी मुलाने आपल्या सणाची हकीकत मोडक्या मराठीत लिहिली तरी ती तशीच लागावी. मोडके लिहिता लिहिताच नीट येते. आणि पेठेतील व्यापाऱ्यांनी कागद पुरवून तो लेख आपल्या दुकानाच्या दर्शनी भागी लावावा. ह्यास प्रतापशेठांची संपत्ती लागत नाही.

आमचा प्रांत ह्या कामास परका नाही. आळंदी व देहू आमच्या दोन्ही अंगांस आहेत. आणि तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे म्हणून परंपरा ज्यांचे नाव घेते, ते संताजी जगनाडे चाकणचे, धंद्याने तेली. त्यांस निबंधाचे गुण मिळवावयाचे नव्हते. जपून ठेवावे असे काही कानी पडले, म्हणून त्यांनी लेखणी उचलली. धुळ्याच्या तुरुंगात गुरुजींनीही तेच केले. मुलांच्या हाती लेखणी आम्ही केव्हाच दिली आहे. लिहावे असे काही, आणि ते वाचणारे कोणी, एवढे देणे आमच्याकडून अद्याप फिटावयाचे आहे.