पंडिता रमाबाई

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, दौंडच्या अलीकडे, केडगाव नावाचे एक स्टेशन लागते. पिंपरी, चिंचवड व चाकण ह्या बाजूच्या कारखान्यांत पोट भरण्यासाठी मराठवाड्याकडून जी कुटुंबे येतात, त्यांतील कित्येकांची गाडी ह्याच स्टेशनावरून पुढे येते. दुष्काळाने गाव सोडावयास लावलेल्या अशा माणसांशी केडगावचे जुने नाते आहे. तेथील मुक्तिमिशन जिने उभे केले, ती स्वतः एके काळी दुष्काळाने देशोधडीस लागलेली मुलगी होती.

रमाबाईंचा जन्म सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले, आणि ह्या गुन्ह्याबद्दल पंडितांचा रोष पत्करला. रमा सहा महिन्यांची असता हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले व तिचे बालपण वेताच्या पेटाऱ्यात, कोणाच्या तरी डोईवर बसून सुरू झाले. देवळांत पुराणे सांगावी, मिळेल त्यावर निर्वाह करावा, असा क्रम कित्येक वर्षे चालला. आईने वाटेत शिकवून मुलीकडून भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत करवून घेतले.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. ऐकणाऱ्यांसच अन्न नाही, तेथे पुराणिकास कोण देणार? होते नव्हते ते विकले गेले. व्रते, अनुष्ठाने, दानधर्म, सर्व यथासांग झाले होते. उत्तर मात्र आले नाही. हे कुटुंब झाडांचा पाला खाऊन रानात राहिले. दृष्टी गेलेल्या वृद्ध वडिलांनी जलसमाधी घेण्याचा निश्चय केला व मुलांचा निरोपही घेतला. इतक्यात थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला आणि कुळाचा अभिमान बाजूस सारून आपण मोलमजुरी करू म्हणाला. तो बेत राहिला, परंतु वडील थोड्याच दिवसांत गेले. त्यांच्या मागून आई गेली. तिची तिरडी उचलण्यास पुरेशी माणसे मिळेनात. शेवटी दोघे जण दया येऊन आले, आणि चौथा खांदा रमेला द्यावा लागला. ती ठेंगणी असल्यामुळे खांद्याची उंची जुळेना, म्हणून तिने आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. पुढे वडील बहीणही गेली.

भाऊ व बहीण दोघे उरली. ती दक्षिणेकडून उत्तरेपर्यंत पायी हिंडली. झेलम नदीच्या काठी थंडीने जीव जाण्याची वेळ आली, तेव्हा अंगावर पांघरूण नसल्यामुळे दोघांनी वाळूत खड्डे खणून त्यांत मानेपर्यंत स्वतःस पुरून घेतले व रात्र काढली. विद्यार्थिमित्रहो, हे कादंबरीतील नव्हे, आपल्याच देशातील एका मुलीच्या आयुष्यात घडलेले आहे. ह्या प्रवासात त्यांची जुनी श्रद्धा गळून पडली आणि तिच्या जागी काहीच आले नाही. पुष्कळ चरित्रकार हा काळ घाईने ओलांडतात. मला मात्र तो महत्त्वाचा वाटतो. कारण पुढे जो विश्वास आला तो ह्या रिकाम्या जागी आला.

१८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी तिच्या संस्कृतावर प्रसन्न होऊन तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. परंतु १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी जात न पाहता नोंदणी पद्धतीने विवाह केला. पुढील वर्षी मनोरमा जन्मली. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती पटकीने गेले. रमाबाईंचे वय तेव्हा तेवीस होते.

सिल्चर येथील घरी पतीच्या पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हाती आली होती. ती त्यांनी आवडीने वाचली, इतकेच. पुढे पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि वैद्यकी शिकण्याच्या हेतूने १८८३ साली इंग्लंड गाठले. तेथेही निराशाच, कान इतके मंद होत गेले की वैद्यकीचा विचार सोडावा लागला. परंतु समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची तेथील ख्रिस्ती भगिनी शुश्रूषा करीत असलेल्या त्यांनी पाहिल्या, आणि शोमरोनी स्त्रीशी बोलणाऱ्या प्रभु येशूची गोष्ट ऐकली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथे त्यांची शोधयात्रा संपली असे समजणे चूक होय. त्यांनी स्वतःच पुढे कबूल केले आहे की आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. ह्या दोहोंमध्ये सुमारे आठ वर्षे गेली. त्या अवधीत त्या अमेरिकेस जाऊन आल्या, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस विधवांकरिता शारदा सदन उघडले, दुसऱ्या वर्षी ते पुण्यास आणले. कामात काही उणे नव्हते. मनात मात्र आपण देवास पसंत पडू की नाही ही धास्ती होती. १८९१ च्या सुमारास, आपले पुण्य पुरे पडण्याची वाट न पाहता जसे आहोत तसे प्रभूच्या स्वाधीन व्हावे हे त्यांस उमगले, व ती धास्ती गेली.

त्याची परीक्षा लवकरच झाली. सदनातील मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात असा बोभाटा होऊन १८९३ साली मोठे वादळ उठले. सल्लागार मंडळावरील न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर ह्यांसारखे थोर गृहस्थ दूर झाले आणि सुमारे पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले. पालकांची भीती अगदीच निराधार होती असे मला म्हणवत नाही. धर्मात हात न घालण्याचे वचन देऊन संस्था निघाली होती. परंतु बाईंनी कोणावर बळजोरी केली नव्हती, आणि स्वतःच्या खोलीचे दार प्रार्थनेच्या वेळी लावून घेण्यास त्या तयार नव्हत्या. उरलेल्या मुलींना घेऊन त्या कामास लागल्या.

१८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. अमेरिकेतील मंडळींनी दिलेले साहाय्य शारदा सदनापुरते होते आणि त्याची दहा वर्षांची मुदत संपत आली होती. शहाण्या माणसाने अशा वेळी खर्च आवरला असता. बाईंना मात्र आपली आई आठवली असावी. त्या स्वतः दुष्काळी मुलखात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. इकडे पुण्यात प्लेग; सरकारी अंमलदार इतक्या नव्या माणसांस शहरात राहू देईनात. सदनाच्या खर्चास हातभार लागावा म्हणून केडगावी फळबागेकरिता जमीन घेतलेली होती. तेथे तंबू व छपरे उभारून मुलींची सोय केली. विहिरी खणल्या, शेत लावले, माग आले, छापखाना आला. १९०० साली गुजराथेत दुष्काळ पडल्यावर तिकडीलही शेकडो मुली आल्या. अंध मुलींना ब्रेल शिकविण्याचीही सोय झाली. उद्याचे धान्य कोठून येणार हा प्रश्न तेथे अनेकदा पडे. बाई प्रार्थना करीत व त्याचबरोबर हिशेबाची वही चोख ठेवीत. ह्या दोन गोष्टींत त्यांस विरोध दिसला नाही.

त्यांच्या सर्वच प्रार्थना त्यांच्या मनाप्रमाणे फळास आल्या असे नाही. खेड्यातील बाईस समजेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्र असावे म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास केला आणि सुमारे अठरा वर्षे एकटीने भाषांतर चालविले. मागे संस्थेचा भार मनोरमाबाईंनी घ्यावा, असे ठरलेले होते. वेताच्या पेटाऱ्यात सुरू झालेल्या त्या आयुष्यास रक्ताचे एवढेच एक माणूस उरले होते. २४ जुलै १९२१ रोजी, चाळीस वर्षांच्या वयात, मनोरमाबाई मिरजेच्या इस्पितळात वारल्या.

बाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. कान जवळजवळ बंद, शरीर थकलेले. दुःख झाले नाही असे कोण म्हणेल? परंतु छापखान्यातून येणारी मुद्रिते तपासण्याचे काम त्यांनी पुन्हा हाती घेतले व तपासून परत पाठविणे चालू ठेवले. ते काम हातावेगळे झाले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे झोपेतच त्यांचा अंत झाला. संपूर्ण बायबल १९२४ साली छापून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविले होते ते केडगावच्या छापखान्यात काम करणाऱ्या मुलींनी व बायांनी.