घरातलं जग तांब्यावर कोरणारी मेरी

बाळाला एका हाताने सावरत आई दुसऱ्या हाताने टबातलं पाणी बघते आहे, फार कढत तर नाही ना! घरोघरचं हे दृश्य. मेरी कसॅटने ते तांब्याच्या पत्र्यावर कोरलं आणि चित्रकलेच्या इतिहासात नेऊन बसवलं.

मेरीचा जन्म १८४४ सालचा, अमेरिकेतला. मुलीने चित्रकार व्हावं, हे वडिलांना पसंत नव्हतं. तरी १८६६ मध्ये ती पॅरिसला गेली. तिथल्या सरकारी कलाशाळेत तेव्हा मुलींना प्रवेशच नव्हता! मग खासगी शिकवणी लावून, लूव्र संग्रहालयातल्या चित्रांच्या नकला करत ती शिकली. नामवंत चित्रकार देगा यांनी तिला आपल्या गटात बोलावलं आणि १८७९ पासून ती त्यांच्या प्रदर्शनांत दिसू लागली.

पुरुष चित्रकार कॅफेत बसून चित्रं काढत. चांगल्या घरच्या बाईला ती मोकळीक कुठली? मेरीने घराकडेच पाहिलं. विणकाम करणारी, चहा घेणारी तिची बहीण लिडिया चित्रांत आली. दीर्घ आजाराने १८८२ मध्ये ती गेली.

१८९० मध्ये पॅरिसला जपानी ठसेचित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. ते पाहून मेरी झपाटली. तिने दहा रंगीत ठसेचित्रांचा संच करायला घेतला. पाकीट ओठांनी ओलं करणारी बाई, शिंपिणीकडून कपडा अंगावर बेतून घेणारी बाई, आरशापुढे केस बांधणारी बाई. तांब्यावर सुईने रेषा कोरायच्या, रंगाच्या जागा आम्लाने तयार करायच्या, आणि प्रत्येक प्रतीसाठी पत्र्यांना पुन्हा हाताने रंग लावायचा. मदतीला छपाईकार असूनही दिवसभर राबून आठ-दहाच प्रती निघत. अशा प्रत्येक चित्राच्या २५ प्रती तिने काढल्या.

१८९१ मध्ये मात्र ठसेचित्रकारांच्या संस्थेने परदेशात जन्मलेल्यांना प्रदर्शनाबाहेर ठेवलं. मेरीने आणि तिच्यासारखेच वगळले गेलेले ज्येष्ठ चित्रकार पिसारो यांनी त्याच गॅलरीत, शेजारच्या खोल्यांत आपली चित्रं लावली!

मेरीने लग्न केलं नाही. १९०४ मध्ये फ्रान्सने तिला ‘लीजन ऑफ ऑनर’ दिला. पुढे दृष्टी अधू झाली, हातातलं काम सुटलं. तरी १९१५ मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी न्यूयॉर्कला भरलेल्या प्रदर्शनात तिची चित्रं होती. १९२६ मध्ये ती फ्रान्समध्येच वारली.

मैत्रिणींनो, आंघोळ, शिवण, वेणीफणी ही आपली रोजची, कुणी न मोजलेली कामं. तिने ती मोजली. म्हणून ती आज न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनच्या संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत.