सहा ठिपक्यांचा हिशेब

गिरगावातील किंवा लालबागमधील एखाद्या एटीएम यंत्राच्या कळांवरून बोट फिरवले, तर पाचाच्या कळीवर बारीकसा उंचवटा लागतो. डोळस माणसाचे तिकडे लक्षही जात नाही. अंध माणसाला मात्र त्यावरून उरलेल्या आकड्यांची जागा कळते. परंतु आकडे दाबता आले, तरी पडद्यावर यंत्र काय विचारते आहे हे कळण्याची सोय नसेल, तर त्याला आपला गुप्त क्रमांक दुसऱ्याच्या स्वाधीन करावा लागतो. पैसा स्वतःचा आणि व्यवहार परक्याच्या हाती, अशी ही अवस्था आहे. दोनशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न वेगळ्या रूपात एका फ्रेंच मुलासमोर उभा होता. त्याचे नाव लुई ब्रेल.

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी पॅरिसनजीकच्या कूव्रे या गावी झाला. वडील घोड्यांची खोगिरे आणि चामडी साज तयार करीत. तीन वर्षांचा लुई त्यांच्या कामाच्या जागी खेळत असता आरी त्याच्या डोळ्यात घुसली. जखम चिघळून दुसरा डोळाही गेला आणि पाचव्या वर्षापर्यंत तो पूर्ण अंध झाला. १८१९ साली त्याला पॅरिसच्या अंधशाळेत दाखल करण्यात आले.

या शाळेचे संस्थापक व्हॅलेंतिन आवी यांनी जाड कागदावर उठावाची अक्षरे छापून पुस्तके तयार केली होती. अंधांना शिकवता येते, हे सिद्ध करणारे हे कार्य थोरच म्हटले पाहिजे. पण ती अक्षरे डोळसांच्या अक्षरांचीच नक्कल होती. पुस्तके अवजड, वाचन अतिशय मंद, आणि मुख्य म्हणजे त्या पद्धतीने विद्यार्थ्याला स्वतः सहजपणे काही लिहिता येत नसे. जगाचे त्याने ऐकावे, जगाला सांगू नये, असाच तिचा नकळत अर्थ होत होता.

पुढे तोफखान्यातील एक निवृत्त अधिकारी शार्ल बार्बिए यांची ठिपक्यांची पद्धत शाळेत आली. तीत बारा ठिपके होते. ते बोटाच्या टोकाखाली एकदम मावत नसत. शिवाय ती ध्वनींवर बेतलेली असल्याने शुद्धलेखनाला तीत स्थान नव्हते. ब्रेलने ठिपके सहावर आणले. सहा ठिपक्यांच्या ६३ रचना होतात. अक्षरे, आकडे, विरामचिन्हे, एवढेच नव्हे तर संगीताची लिपीही त्यांत सामावते. १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने या लिपीचा आराखडा सिद्ध केला आणि १८२९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पाटी आणि टोचणी एवढ्या साहित्यावर अंध विद्यार्थी आता लिहूही लागला.

पुढे ब्रेल त्याच शाळेत शिक्षक झाला. पण डोळस शिक्षकांना जी वाचता येत नाही, ती लिपी चालकांना गैरसोयीची वाटली. १८४० नंतर काही काळ ती बाजूला सारली गेली. विद्यार्थ्यांनी मात्र ती सोडली नाही. १८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. दरम्यान ब्रेलने दुसऱ्या टोकाकडूनही प्रयत्न चालविला होता. अंधाने लिहिलेले डोळसाला वाचता यावे, म्हणून त्याने १८३९ मध्ये दहा ठिपक्यांची योजना मांडली आणि पिएर फूको या अंध कारागिराने १८४१ मध्ये तिच्यासाठी यंत्र घडविले. ६ जानेवारी १८५२ रोजी क्षयाने ब्रेलचे निधन झाले. फ्रान्समध्ये त्याच्या लिपीला अधिकृत मान्यता मिळाली ती त्यानंतर दोन वर्षांनी.

मुंबईत अंधांसाठी १९०० साली ॲना मिलर्ड यांनी शाळा काढली. तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली. १९०२ मध्ये ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा सुरू झाली. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ठरली आणि मराठी अक्षरे त्याच सहा ठिपक्यांत बसली. म्हणजे शिक्षणाचा मार्ग मोकळा झाला. व्यवहाराचा मात्र अडलेलाच राहिला.

रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये नव्या एटीएमपैकी किमान एक तृतीयांश यंत्रे बोलकी आणि ब्रेल कळांची असावीत, असे बँकांना सांगितले. १ जुलै २०१४ पासून ही अट सर्वच नव्या यंत्रांना लागू झाली. यात आवाज आणि ठिपके यांची सांगड आहे, हे महत्त्वाचे. नुसते ठिपके कोरले, तर यंत्र माणसाचे ऐकते, पण त्याला उत्तर देत नाही. उलट, उपनगरी स्थानकांवरील तिकिटांच्या यंत्रांना पडद्यावर बोट टेकवून चालवावे लागते. ती काच सर्वत्र सारखीच गुळगुळीत. परळच्या कचेरीत नोकरी करणारा अंध कारकून तिच्यावर काय चाचपणार?

यंत्र घडवतानाच सोय केली तर खर्च थोडा येतो. हजारो यंत्रे बसवून झाल्यावर ती बदलू म्हटले तर तोच खर्च अवाढव्य होतो आणि मग खर्चाचेच कारण पुढे करून सोय नाकारली जाते. हा साधा हिशेब खरेदीच्या कागदावर सही करण्यापूर्वी मांडला पाहिजे, आणि तो मांडताना अंध माणसाचे बोट त्या यंत्रावर ठेवून पाहिले पाहिजे. बारा ठिपके बोटाखाली मावत नाहीत, हे बार्बिएच्या डोळ्यांना दिसले नव्हते. पंधरा वर्षांच्या मुलाच्या बोटाला ते कळले होते.