टाकलेला बाण



आजचं वाचन गीतेच्या अठराव्या अध्यायातलं, श्लोक ७ आणि ८. वाट्याला आलेलं कर्म मोहाने सोडणं हा खरा त्याग नव्हे, आणि त्रास होतो म्हणून सोडलं तर त्यागाचं फळही मिळत नाही, असं भगवंत सांगतात. वाचताना मला बंदासिंग बहादूर आठवले. मागे नागपूरहून नांदेडला सचखंड हुजूर साहिबच्या दर्शनाला गेलो होतो, तेव्हा गोदावरीकाठच्या बंदा घाट गुरुद्वारातही थोडा वेळ बसलो होतो.

त्यांचा जन्म १६७० सालचा, जम्मूकडच्या राजौरीचा. मूळ नाव लछमनदेव. पोराला शिकारीचा भारी नाद. परंपरेत सांगतात की पंधराएक वर्षांचा असताना त्याने बाण मारून एक हरिणी पाडली. पोट चिरलं तर आत पिल्लं होती. ती त्याच्या डोळ्यांसमोर तडफडून मेली. नेम अगदी बरोबर लागला होता, पण आपण काय मारलं हे त्याला मागाहून कळलं.

त्याने धनुष्य टाकलं, घर सोडलं, बैरागी झाला. लछमनदेवचा माधोदास झाला. फिरत फिरत नाशिकच्या पंचवटीत आला, आणि पुढे नांदेडला गोदावरीच्या काठी मठ करून राहिला.

सप्टेंबर १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजी त्या मठात आले. गुरूंची दोन धाकटी मुलं सरहिंदला कोवळ्या वयात मारली गेली होती. त्या भेटीनंतर माधोदास गुरूंचे बंदा, म्हणजे सेवक झाले. गुरूंनी त्यांना आपल्या भात्यातले पाच बाण दिले आणि पंजाबात पाठवलं. ज्या हातांनी बाण टाकला होता, त्याच हातांत तो परत आला. फरक एवढाच की आता तो हौसेसाठी नव्हता.

मे १७१० मध्ये छप्पर चिडीच्या लढाईत सरहिंदचा फौजदार वजीरखान पडला. बंदासिंगांनी कसणाऱ्यांना जमिनीचे मालक केलं. नाणं पाडलं तेही गुरूंच्या नावाने, स्वतःच्या नाही. लढाईत रक्त सांडलंच, सरहिंदलाही सांडलं. ते मी झाकत नाही. डिसेंबर १७१५ मध्ये ते पकडले गेले. जून १७१६ मध्ये दिल्लीत आधी त्यांच्या लहानग्या मुलाला त्यांच्यासमोर मारलं, मग त्यांना. धर्म सोडला असता तर जीव वाचला असता. त्यांनी सोडला नाही.

आता माझं सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी टीम लीड होतो. कपात होणार होती, वरून एक नाव मागितलं. मी आकडे बघितले, नाव दिलं. आकडे बरोबरच होते. त्याच्या घरी दोन महिन्यांचं बाळ आहे, हे मला तो गेल्यावर कळलं. मी लीडपद सोडलं. तेव्हापासून फक्त कोड लिहितो, आणि लोकांना सांगतो की मला पदाचा मोह उरला नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा विचारणा झाली. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि आज हे श्लोक समोर आले. माझं ते वैराग्य होतं की पुन्हा तसं दुःख नको म्हणून पळणं? खरं सांगायचं तर पळणंच जास्त होतं.

पश्चात्तापाने धनुष्य खाली ठेवावंच लागतं. पण देवाने ते परत हातात दिलं, तर घ्यावं. फक्त बाण सोडण्याआधी समोर कोण आहे हे नीट बघावं.

उद्या मी हो म्हणणार आहे. आणि त्याआधी त्या मित्राला फोन करणार आहे. दोन वर्षं राहून गेलाय.

आजची प्रार्थना: पांडुरंगा, काम टाळून मला साधू होऊ देऊ नकोस. काम दे, आणि ते करताना डोळे उघडे ठेव.

राम कृष्ण हरी.